‘आधी वर्णन केल्याप्रमाणे’: प्रयोगाची कृती निबंधातून कशी गळाली

‘पेशी ३००० आरपीएमवर ५ मिनिटे फिरवल्या.’ जीवविज्ञानाच्या शोधनिबंधांत असे वाक्य सर्रास भेटते, पण तेवढ्यावर प्रयोग पुन्हा करता येत नाही. आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. नळ्या फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातल्या रोटरची त्रिज्या ८ सेंटीमीटर असेल तर या वेगाला सुमारे ८०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ८०० पट) बल मिळते, १६ सेंटीमीटर असेल तर १६००. म्हणून आरपीएम नव्हे, जी लिहायचे. ‘खोलीचे तापमान’ही तसेच. पुण्यात मे महिन्यात एसी नसलेली खोली दुपारी सहज ३५ अंशांवर जाते. ट्रिस बफरचा, म्हणजे आम्लता स्थिर ठेवायला वापरल्या जाणाऱ्या द्रावणाचा, पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो, म्हणजे २५ अंशांना ८.० लावलेला बफर तिथे ७.७ होतो आणि ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ८.६. बफरचा पीएच कोणत्या तापमानाला लावला, हे चार शब्द निबंधात क्वचितच असतात.

तपशील गाळण्याची सवय छापील जर्नलांच्या काळातली. पाने मोजकी असत, म्हणून कृती बारीक टायपात किंवा निबंधाच्या शेवटी जाई, नाहीतर ‘आधी वर्णन केल्याप्रमाणे’ म्हणून जुन्या निबंधाचा हवाला दिला जाई. तो काढून पाहावा तर तिथेही तेच वाक्य. जर्नले ऑनलाइन आली, जागेची अडचण संपली, सवय मात्र राहिली.

किमान काय लिहावे याच्या याद्याही निघाल्या: २००१ मध्ये मायक्रोअ‍ॅरेसाठी (अनेक जनुकांची क्रिया एकदम मोजणारी पट्टी), २००९ मध्ये क्यूपीसीआरसाठी (डीएनएचे प्रमाण मोजण्याची पद्धत), २०१० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी ‘अराइव्ह’. पण यादीवर खूण करणे वेगळे आणि दुसऱ्याला जमेल अशी कृती लिहिणे वेगळे. हे सर्वांत स्पष्ट दिसले ते २०१३ ते २०२१ या काळात कर्करोगावरचे गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या प्रकल्पात. ५३ निबंधांतले १९३ प्रयोग निवडले होते. मूळ लेखकांना न विचारता आराखडा करता येईल इतका तपशील त्यांतल्या एकाही प्रयोगाला नव्हता. शेवटी २३ निबंधांतले ५० प्रयोगच पार पडले.

दुसरी गळती नावांची. १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवले की वेगवेगळ्या नावांनी वाढवल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) प्रत्यक्षात हेला या एकाच कर्करोगाच्या पेशी आहेत. यावर उपाय पुण्यात हाताशी आहे: राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे सेल भांडार आणि एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवांचा एनसीआयएम संग्रह. नुसते ‘ई. कोलाय’ न लिहिता संग्रहातला क्रमांक द्यावा. सेल लाइनसाठी ती कुठून व कधी आणली, कितव्या पॅसेजला (नव्या भांड्यात कितव्यांदा वाढवल्यावर) वापरली आणि एसटीआर (डीएनएवरून ओळख पटवणारी) व मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जीवाणू) तपासणी कधी झाली, हेही. अँटिबॉडीसाठी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रथिन) २०१४ पासून आरआरआयडी हे ओळख क्रमांक आहेत. लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक मात्र आपणच नोंदवायचा, कारण पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रकारच्या अँटिबॉडींचे मिश्रण असलेली, अँटिबॉडी लॉटागणिक बदलते.

पूर्ण कृती ठेवायला प्रोटोकॉल्स डॉट आयओ या संकेतस्थळासारखी जागा आहे. तिथे कृतीला डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो. पायरी बदलली की नवी आवृत्ती काढावी, जुनी तशीच राहू द्यावी, आणि प्रयोग ज्या आवृत्तीने केला तिचाच डीओआय निबंधात द्यावा.