परदेशात शिकताना दोन विमे असतील तर क्लेम आधी कुठे करायचा?

माझी भाची अमेरिकेत शिकते. फेब्रुवारीत बर्फावरून घसरून तिचं मनगट मोडलं. कोपरीत राहणाऱ्या बहिणीचा पहिला प्रश्न होता, "दोन विमे आहेत, मग दोन्हीकडून पैसे मिळतील ना?"

मिळत नाहीत. खर्चाची भरपाई देणाऱ्या पॉलिसी कितीही असल्या, तरी सगळ्या मिळून झालेल्या खर्चापेक्षा जास्त देत नाहीत. अपवाद फक्त ठरावीक रकमेच्या लाभांचा, उदाहरणार्थ हॉस्पिटलचा रोजचा भत्ता. तो प्रत्येक पॉलिसीकडून वेगळा मिळू शकतो.

दोन विमे होतात कसे? निघण्याआधी आपण इथे स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी घेतो आणि तिकडे विद्यापीठ स्वतःची आरोग्य योजना फीमध्ये जोडतं. काही विद्यापीठं इथली पॉलिसी चालवून घेतात, पण त्यासाठी मुदतीत वेव्हरचा, म्हणजे विद्यापीठाच्या योजनेतून सूट मागण्याचा, अर्ज भरावा लागतो. तो राहिला की दोन्ही हप्ते आपल्याच खिशातून. घरचा मेडिक्लेम यात धरू नका. तो सहसा भारतातल्या उपचारांपुरताच असतो.

आता क्रम. दोन्ही पॉलिसींत 'अन्य विमा' हे कलम शोधा. इथल्या पॉलिसीत 'दुसरा विमा असल्यास त्यानंतर उरलेलाच खर्च देऊ' असं लिहिलेलं असेल, तर आधी विद्यापीठाच्या योजनेकडे जायचं. भारतातल्या दोन कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसी असल्या तर आधी कुणाकडे जायचं ते विमेदार ठरवतो, आणि विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी बोलणं हे पहिल्या कंपनीचं काम. परदेशी योजनेला मात्र हा नियम लागू नाही. तिथली धावपळ आपलीच.

समजा, बिल ३,००० डॉलर झालं आणि विद्यापीठाच्या योजनेने २,४०० दिले. उरले ६००. इथल्या पॉलिसीत १०० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, असेल, तर बाकी अटी बसल्यास ५०० मिळतात, तेही बहुतेकदा रुपयांत, भारतातल्या खात्यावर.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पहिल्या विमा कंपनीचं 'एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स'. किती मंजूर झालं, किती कापलं आणि का, हे त्यात असतं. त्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं म्हणून भाचीने ते सरळ डिलीट केलं होतं! पुन्हा मागवण्यात तीन आठवडे गेले. त्याच्याशिवाय दुसरी कंपनी फाइल पुढे सरकवत नाही.

बाकीचे कागद: सही केलेला क्लेम फॉर्म, पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती, विद्यापीठात नाव असल्याचं पत्र, डॉक्टरचा अहवाल, प्रिस्क्रिप्शन, पैसे भरल्याचा पुरावा, रद्द केलेला चेक. बिल तपशीलवार हवं. नुसती कार्डाची पावती चालत नाही. अमेरिकेत हॉस्पिटल, डॉक्टर, लॅब आणि अ‍ॅम्ब्युलन्सची बिलं वेगवेगळी आणि मागेपुढे येतात, त्यामुळे पहिलं बिल आलं की झालं असं समजू नका. कागद इंग्रजीत नसतील तर भाषांतर जोडा. मूळ प्रती पहिल्या कंपनीकडे गेल्या असतील तर साक्षांकित प्रती मागून घ्या.

दुसऱ्या कंपनीला कळवायला मात्र पहिल्याच्या निकालाची वाट पाहू नका. दोघांनाही लगेच कळवा आणि क्लेम नंबर घ्या. फॉर्ममध्ये 'दुसरा विमा आहे का' असं विचारलं, तर खरं ते लिहा. ते लपवल्यास क्लेम फेटाळला जाऊ शकतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे फोनाफोनी इथल्या आई-वडिलांनी रात्रीच करावी. त्यासाठी मुलाचं अधिकारपत्र आधीच ईमेलने देऊन ठेवलेलं बरं.

भारतीय कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. त्याचं एक कार्यालय ठाण्यातच आहे आणि नवी मुंबईही त्याच्या हद्दीत येते. फी नाही, वकील लागत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. कंपनीचा नकार मिळाल्यापासून वर्षभराच्या आत जावं लागतं. विद्यापीठाच्या योजनेविरुद्धची तक्रार मात्र इथे चालत नाही. त्यासाठी त्या योजनेतच अपील करायचं, आणि त्याची मुदत नकारपत्रातच दिलेली असते.