सीडी प्लेअरला गंडवणारी तबकडी

ऑडिओ सीडीवर चॅनेल दोनच, डावा आणि उजवा. प्रत्येकाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची तितकी मोजमापं, एकेक नमुना १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी सबवूफर असे सहा चॅनेल याच दर्जाने भरायचे तर तिप्पट जागा लागेल. तरीही घरच्या कॉम्प्युटरवर साध्या कोऱ्या सीडीत ते बसवता येतात, तेही तासाभराहून जास्त वेळ वाजतील असे. मला ही युक्ती आवडते ती तिच्यातल्या लबाडीमुळे.

डीटीएस ही अनेक चॅनेलचा आवाज आकसण्याची एक पद्धत. तिचा एन्कोडर प्रोग्राम सहा चॅनेल आकसून एक फाइल बनवतो. वरून ती अगदी साधी स्टिरिओ फाइल दिसते. नेहमीच्या ऑडिओ सीडीसारखी ती बर्न करायची. प्लेअरला वाटतं, हे गाणंच आहे. तो ते बिट ऑप्टिकल केबलमधून जसेच्या तसे रिसीव्हरकडे, म्हणजे डीटीएस उलगडून स्पीकरांना आवाज देणाऱ्या अॅम्प्लिफायरकडे, पाठवतो. रिसीव्हर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीची ठरलेली खूण ओळखतो आणि सहा चॅनेल पुन्हा वेगळे करतो.

हीच सीडी रिसीव्हरशिवाय थेट लावली तर नुसती कर्कश खरखर! आवाज मोठा असेल तर स्पीकरचे ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारे छोटे भाग, जायचीही भीती. म्हणूनच बहुधा प्रत्येक नमुन्याच्या १६ पैकी १४ बिटच वापरतात. खरखर सुमारे १२ डेसिबलने उतरते.

वाटेत एकही बिट बदलता कामा नये. कॉम्प्युटरवरून वाजवताना व्हॉल्यूम किंचित कमी केला, इक्वलायझर लावला किंवा फाइलची एमपी३ केली, तर खूण पुसली जाते आणि रिसीव्हर हात वर करतो.

मिक्सिंगमध्ये मात्र मोकळीक आहे. मैफल स्वतः अनेक माइक लावून रेकॉर्ड केली असेल, तर गायक-वादक समोर ठेवावेत, आणि सभागृहाचा घुमारा व टाळ्या मागच्या स्पीकरांत. हे स्पीकर समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरासे मागे हवेत. तबला पाठीमागून वाजवण्याची हौस पहिल्या दिवशीच फिटते.

एक त्रास उरतो. डीटीएसचा तुकडा साधारणपणे ५१२ नमुन्यांचा, तर सीडीचा सेक्टर, म्हणजे तिच्यावरचा लहानात लहान कप्पा, ५८८ नमुन्यांचा. ट्रॅक तोडला की तुकडा मध्येच कापला जातो, आणि रिसीव्हर पुन्हा जुळवून घेईपर्यंत पुढच्या गाण्याची सुरुवात गिळली जाते. म्हणून एन्कोड करण्याआधीच प्रत्येक गाण्यापुढे अर्धा सेकंद शांतता जोडतात. सलग मैफल असेल तर ती अखंड एकाच ट्रॅकमध्ये ठेवतात.