रंग निघावा, फायबर राहावं

माझ्या सासऱ्यांचा लांब नाकाचा जुना टाटा ट्रक सांगलीत, कुपवाडच्या बाजूला एका शेडमध्ये उभा आहे. तीसेक वर्षं त्याने हळद वाहिली, बेदाणा वाहिला, हंगामात ऊसही ओढला. आता मेहुण्याला तो पुन्हा पहिल्यासारखा करायचाय. गाडी मूळची पत्र्याची, पण मधे कधीतरी समोरच्या काचेवरचा छज्जा आणि पुढचे दोन मडगार्ड फायबरचे बसवलेत. पत्र्यावरचा रंग मेहुण्याने रिमूव्हर लावून दोन दिवसांत उतरवला. मग तोच डबा आणि तोच ब्रश घेऊन छज्ज्याकडे वळला, रिमूव्हर फासला आणि जेवायला गेला. परत येऊन बघतो तर रंग सुटला होताच, पण त्याच्याखालचा पांढुरका थरही तेलात पडलेल्या पापडासारखा वेडावाकडा झालेला. नख लावलं तर नख रुतलं.

"दाजी, तुम्ही केमिस्ट्री शिकवता. पत्र्याला काही झालं नाही, मग हे का विरघळलं?"

विरघळलं नव्हतं, फुगलं होतं. सगळी गोम त्या फरकातच आहे.

आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो त्यात फायबर, म्हणजे काचेचे धागे, निम्म्याहूनही कमी असतात. एकेक धागा 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यांची मॅट साच्यात अंथरायची, वर पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर घालून ओतायचं, की काही वेळात तो पाक घट्ट होतो. ताकद धाग्यांची, पण त्यांना जागेवर धरून ठेवतं ते रेझिन. आणि सगळ्यात बाहेर, पाणी आत जाऊ नये म्हणून, त्याच जातीच्या रेझिनचा एक गुळगुळीत थर असतो, तो जेलकोट. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. वहीची पाच पानं एकावर एक ठेवा, तेवढीच. मेहुण्याने जेवायला लावलेल्या वेळात पापड झाला तो याच थराचा.

आता रंगाकडे या. ट्रकला वर्षानुवर्षं लागत आलेला ऑइल पेंट हा रसायनशास्त्राच्या भाषेत अल्किड, आणि अल्किड हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार. साध्या फायबरच्या रेझिनमध्ये थॅलिक अ‍ॅनहायड्राइड नावाचा जो कच्चा माल लागतो, तोच अल्किड रंगातही लागतो. थोडक्यात, पत्रा आणि रंग एकमेकांना परके, पण फायबर आणि रंग भाऊबंद. रंगाला जे बाधतं ते त्याच्या भावालाही बाधणार.

रिमूव्हरचं काम कसं चालतं ते कळण्यासाठी साखर आणि साबुदाणा डोळ्यांसमोर आणा. साखर पाण्यात विरघळून दिसेनाशी होते. साबुदाणा भिजतो, फुगतो, पण दाणा राहतो. वाळलेला रंग आणि जमलेलं रेझिन, दोन्हींमधल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधलेल्या असतात. म्हणून ती विरघळत नाहीत, फुगतात. रंगाचा पापुद्रा फुगला की त्याला पसरायला जागा हवी असते, पण खाली तो पत्र्याला चिकटलेला. मग तो सुरकुततो, वर उचलला जातो आणि सुटतो. पत्रा स्वतः फुगत नाही म्हणूनच हा खेळ जमतो. फायबरवर रंगाबरोबर खालचं रेझिनही फुगतं, आणि कुठे थांबायचं हे रिमूव्हरला कोण सांगणार?

जुन्या पद्धतीच्या जहाल रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमीथेन असतं. त्याचा रेणू लहान, म्हणून रंगात झटकन शिरतो. पण ते साधारण 40 अंशाला उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलमधल्या दुपारी उघडा डबा जवळजवळ उकळायच्या बेतात असतो. वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे ती शेडच्या जमिनीलगत, गाडीखालच्या खड्ड्यात साचते. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क याला अजिबात अडवत नाही. अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली, ती उगाच नाही. बेंझिल अल्कोहोलवाले सौम्य रिमूव्हर मिळतात. तेही फायबरवर आधी आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यात थेंबभर लावून, घड्याळ बघून तपासल्याशिवाय वापरू नयेत.

बाकीचे झटपट उपाय लवकर निकालात निघतात. कॉस्टिक सोडा तेलाचा साबण करतो त्याच वाटेने पॉलिएस्टरच्याही साखळ्या तोडतो. हीट गनची हवा काहीशे अंशांची, आणि साधं रेझिन 70-80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. वाळूचा मारा जेलकोट फोडून धागे उघडे पाडतो, शिवाय मारणाऱ्याच्या फुप्फुसांत सिलिका जाते ते वेगळंच. खायच्या सोड्याचा मारा त्या मानाने मवाळ, कारण सोड्याचा कण काचेहून बराच मऊ असतो. पण त्याचं यंत्र आणि हात बसलेला माणूस, दोन्ही हवेत.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मडगार्डावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "सर, घाई करायची न्हाई. आधी पत्तीनं बघू." ब्लेडची पत्ती जवळजवळ आडवी धरून त्यांनी एका कडेला घातली, तर तळहाताएवढा पापुद्रा अख्खाच्या अख्खा निघून आला. मला नवल वाटलं. त्यांना नाही. फायबरचा भाग साच्यातून सुटावा म्हणून साच्याला मेण फासतात आणि त्याचा अंश भागाच्या अंगावर राहतो. पहिल्या पेंटरने तो न पुसताच रंग मारला असेल, तर रंग जेलकोटला नाही, मेणाला चिकटलेला असतो. म्हणून पत्तीने जेवढं सुटेल तेवढं आधी सोडवायचं. मग मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटने एका कापडाने ओलं करून लगेच दुसऱ्या कोऱ्या कापडाने पुसायचं. पुसायच्या आधीच घासलं तर तेच मेण ओरखड्यांत भरतं आणि नवा रंगही पुढे तसाच सोलतो.

उरलेल्यासाठी वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. 120 नंबरने सुरुवात, मग 220, शेवटी 320. कागदामागे रबराचा ठोकळा, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखाली पन्हाळी पडतात. मला सगळ्यात आवडलं ते पाणी. घासताना ओघळणारं पाणी आधी नारिंगी दुधासारखं होतं. काही वेळाने त्यात निळसर छटा येते, म्हणजे नारिंगीखालचा आधीचा रंग लागला. मग राखाडी, तो प्रायमर. पाणी पांढुरकं व्हायला लागलं की मिस्त्रींचा हात थांबतो, कारण आता जेलकोट झिजतोय. पृष्ठभागावरही रंगांची वर्तुळं उमटतात, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी. घट्ट बसलेला प्रायमर त्यांनी ठिकठिकाणी तसाच ठेवला. तो काढायची गरजच नसते, आणि मला विचाराल तर फायबरची निम्मी नासधूस होते ती तळापर्यंत जायच्या हट्टापायी. कुठे धागे उघडे पडलेच तर तिथे पाणी थांबवायचं. मॅट वातीसारखं पाणी आत ओढते आणि पुढे रंगावर फोड येतात.

ओलं घासायचं आणखी एक कारण त्या नारिंगी रंगातच आहे. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत बरेचदा लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं एक संयुग, असतं. हळदीला चकाकी आणायला काही ठिकाणचे भेसळखोर वापरतात तेच. सांगलीकराला वेगळं सांगायला नको. भारतात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना, आणि या ट्रकचे थर तर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडं घासलं तर ते शिसं धूळ होऊन नाकात, कपड्यांवरून घरात, मुलांच्या हातांवर जातं. ओलं घासलं तर गाळ होऊन बादलीत राहतं. ती बादली गटारात ओतायची नाही. सांगलीचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्यात आधीच काय कमी वाहतंय! गाळ बसू द्यायचा, वाळला की पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचा. ओलं काम हातानेच, विजेचं सँडर तिथे नको. कोरडं घासणं टळत नसेल तर व्हॅक्यूम जोडलेलं सँडर आणि एन-95 मास्क.

काचेच्या धाग्यांची खाज मात्र ज्याने भोगली त्यालाच कळते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, खाज सुटली तर चोळू नये, थंड पाण्याने धुवावं. चोळलं की तुकडे आणखी आत रुततात.

दोन्ही मडगार्ड आता प्रायमरसाठी तयार आहेत. छज्जा नाही. रेझिनमध्ये शिरलेला रिमूव्हर हळूहळूच बाहेर पडतो, आणि त्याआधी रंग मारला तर तो नव्या रंगालाच खालून फुगवतो. मिस्त्रींनी पापड झालेला भाग खरवडून छज्जा शेडबाहेर उन्हात टेकवून ठेवलाय. तीन आठवडे झाले. मेहुणा रोज सकाळी कडेला नख लावून बघतो, आणि काल रात्रीही त्याचा फोन आला, "दाजी, अजून मऊच आहे."