आतड्यातून मूत्राशय शिवताना

पुण्यात युरोलॉजिस्ट म्हटलं की लोकांना आधी मुतखडा आठवतो, नाहीतर आजोबांचं प्रोस्टेट. त्या कामात एक सुख आहे. खडा फुटला, स्टेंट निघाला की पेशंट मोकळा आणि डॉक्टरही मोकळा. फंक्शनल युरोलॉजीत हे सुख नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षं सर्जरी आणि आणखी तीन वर्षं युरोलॉजी शिकून बाहेर पडलेली बरीच मुलं खडे, कॅन्सर आणि रोबोटकडे वळतात, यात नवल नाही. मूत्राशयाचं बिघडलेलं काम दुरुस्त करणाऱ्याकडे आलेला पेशंट त्याचा जन्मभराचा होतो.

असे पेशंट येतात तरी कुठून? पाठीचा मणका नीट न मिटता जन्मलेली, म्हणजे स्पायना बिफिडाची मुलं. हायवेवर टू-व्हीलरवरून पडून मज्जारज्जूला इजा झालेली तरुण पोरं. आणि आपल्याकडे अजूनही, टीबीने मूत्राशय आक्रसून अंगठ्याएवढं झालेली माणसं. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथल्या व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांना मूत्राशय सांभाळणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तक्रार बहुतेकांची एकच असते: 'डॉक्टर, लघवी कंट्रोल होत नाही, कपडे ओले होतात.' डॉक्टरच्या मनात त्याच वेळी भलतीच काळजी असते, दाबाची.

निरोगी मूत्राशयात 400 ते 500 मिलीलिटर लघवी मावते आणि गंमत म्हणजे ते भरत आलं तरी आतला दाब जेमतेम वाढतो. स्नायू सैल पडत जातो. मेंदूच्या खालच्या भागातलं एक केंद्र 'आत्ता नको' आणि 'आता चालेल' हे ठरवतं. 1925 मध्ये लंडनच्या बॅरिंग्टन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून ते शोधलं. मज्जारज्जू तुटला की हा निरोप पोहोचत नाही. मूत्राशय मनाला येईल तेव्हा आवळतं आणि त्याच क्षणी खालचा झडपेसारखा स्नायूही आवळलेला असतो. लघवीला बाहेर वाट नाही, मग दाब वर किडन्यांकडे चढतो. 1981 मध्ये मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये दाखवलं की पाण्याच्या 40 सेंटिमीटर उंचीइतक्या दाबानंतर गळती सुरू होणाऱ्यांच्या किडन्या जास्त बिघडतात. म्हणजे ज्याचं लवकर गळतं त्याची किडनी त्या मानाने सुरक्षित! घरच्यांना हे पटवणं महाकठीण. पोरगं कोरडं राहतंय म्हणून सगळे खूश असतात आणि सोनोग्राफीत किडन्या फुगलेल्या निघतात.

हा दाब मोजायची तपासणी म्हणजे युरोडायनॅमिक्स. पेशंटला कमोडसारख्या खुर्चीवर बसवतात. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदद्वारातून आत. दुसरी कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. पोटाचा दाब मूत्राशयावरही पडत असतो, तो वजा केल्याशिवाय मूत्राशयाचा स्वतःचा दाब कळत नाही. मग सलाईन हळूहळू आत सोडायचं. 'काका, एकदा जोरात खोका बघू,' टेक्निशियन म्हणते. काका खोकतात, स्क्रीनवर दोन रेघा एकदम उसळतात आणि तिसरी, वजाबाकीची, सपाट राहते. नळ्या नीट बसल्याची ती खूण. पुढे काका शांत बसलेले असताना तिसरी रेघ आपणहून वर चढायला लागली की डॉक्टर पेन खाली ठेवून स्क्रीनकडे बघतात.

आधी गोळ्या देतात. मग मूत्राशयाच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शनं, तीच सुरकुत्यांवाली. काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. लहान आतड्याचा एक तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा काढतात, उरलेलं आतडं परत जोडून टाकतात. मोठ्या आतड्याला लागून असलेला शेवटचा वीसेक सेंटिमीटरचा भाग सोडून देतात, कारण बी-12 तिथे शोषलं जातं. काढलेली नळी तशीच जोडली तर ती आतड्याच्या सवयीने आकुंचन पावत राहील आणि पुन्हा दाब वाढेल. म्हणून ती उभी चिरून सपाट करायची, दुमडून वाटीसारखी शिवायची आणि उघडलेल्या मूत्राशयावर बसवायची. फुगा फुगवताना सुरुवातीलाच गाल दुखतात, पुढे सोपं जातं. त्यामागे जो लाप्लासचा नियम आहे तोच इथे कामाला येतो. त्रिज्या मोठी झाली की भिंतीच्या तेवढ्याच ताणात आतला दाब कमी राहतो. कॅन्सरमुळे मूत्राशय पूर्ण काढावं लागलं, तर आतड्याचीच गोल पिशवी शिवून मूत्रमार्गाला जोडता येते. स्वित्झर्लंडच्या श्टूडर यांची पद्धत त्यात विशेष रूढ आहे.

जागा झाली, दाब उतरला. पण या पिशवीला रिकामं होता येतंच असं नाही. ते काम नळीचं. 1972 मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी सांगितलं की पेशंटने दर काही तासांनी स्वतःच नळी घालून लघवी काढावी. हात आणि नळी स्वच्छ असली की पुरे, निर्जंतुक असायची गरज नाही. तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. लॅपिडिस यांचं म्हणणं असं की तुंबून ताणलेल्या मूत्राशयाचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंचं तिथेच फावतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा शोध हाच, आणि त्यात टाकासुद्धा नाही. व्हीलचेअरवर बसून खालून नळी घालणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी 1980 मध्ये फ्रान्सच्या मित्रोफानॉफ यांनी अपेंडिक्सचा बोगदा करून त्याचं तोंड पोटावर आणलं. बेंबीतून लघवी काढणारी मुलं आज शाळेत जातात, शेजारच्या बाकावरच्याला पत्ताही नसतो.

आतडं मात्र आपला स्वभाव सोडत नाही. ते चिकट स्राव तयार करत राहतं, म्हणून पिशवी सलाईनने धुवावी लागते; नाही धुतली तर खडे होतात. लघवीतले क्षार ते परत शोषतं, रक्तातलं आम्ल वाढतं, मग सोड्याच्या गोळ्या. वर्षाला सोनोग्राफी, क्रिएटिनिन, बी-12. अशा बायकांमध्ये घरगुती प्रेग्नन्सी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची तपासणी बरी. सिझेरियनची वेळ आली तर युरोलॉजिस्ट थिएटरमध्ये असलेला बरा, कारण त्या आतड्याच्या वाटीला रक्त नेणाऱ्या वाहिन्या नेमक्या वाटेत असतात. पाचव्या वर्षी जिचं ऑपरेशन केलं तिच्या बाळंतपणाला डॉक्टर हजर, असं या शाखेत घडतं.

आतडं वापरायलाच नको म्हणून खटपट खूप झाली. 2006 मध्ये अँथनी अटाला यांच्या चमूने पेशंटच्याच पेशी साच्यावर वाढवून मूत्राशयं तयार केल्याचं प्रसिद्ध केलं, पण ती पद्धत अजून रोजच्या वापरात आलेली नाही. मे 2025 मध्ये लॉस एंजेलिसला नीमा नासिरी आणि इंदरबीर गिल यांनी दात्याचं मूत्राशय किडनीसोबत एका माणसाला बसवलं, जगात पहिल्यांदाच. त्याला किडनीसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागणारच होती. ज्याच्या किडन्या धडधाकट आहेत, त्याला केवळ मूत्राशयासाठी ही औषधं जन्मभर द्यायची का, हा प्रश्न तूर्त सुटलेला नाही. तोवर पुण्यातल्या ओपीडीत ऑपरेशनची तारीख देण्याआधी पेशंटच्या हातात नळी आणि आरसा दिला जाईल. स्वतःची नळी स्वतः घालता आली, किंवा घरातलं कुणी ती घालायला तयार झालं, तर पुढचं बोलणं.