कंप की डिस्कायनेशिया? अर्धी गोळी वाढवण्याआधी घड्याळ बघा

पार्किन्सनच्या रुग्णाचं अंग हलायला लागलं की घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं: औषध कमी पडतंय. मग कोणीतरी अर्धी गोळी जास्त देतं, तासाभरात अंग आणखी हलतं, आणि तीच मंडळी म्हणतात, आजार किती झपाट्याने वाढतोय बघा. वाढलेली असते ती गोळी. हे इतक्या घरांत ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

अंग हलणं दोन तऱ्हेचं असतं. एक कंप, दुसरी डिस्कायनेशिया, म्हणजे अंगाचं आपोआप होणारं वेडंवाकडं डोलणं. कंप होतो तो मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, कमी पडल्यामुळे. डिस्कायनेशिया होते ती बहुतेक वेळा लेव्होडोपाचा (त्या गोळीतलं, मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध) असर ऐन भरात असताना. म्हणजे दोघांचे उपाय एकमेकांच्या नेमके उलटे. ओळखण्यात चूक झाली, की उपाय करायला जावं आणि त्रास वाढवून बसावं.

कंपाबद्दल फार सांगत नाही, तो तुम्ही रोज बघताय. हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा, एका ठरलेल्या लयीत. बहुतेकदा एकाच बाजूला सुरुवात होते. पेला उचलायला हात पुढे केला की कमी होतो, घाई झाली किंवा कोणी रोखून बघायला लागलं की वाढतो, झोपेत थांबतो. बास.

डिस्कायनेशियाला लय नसते. मान एका बाजूला वळते, खांदा उचलला जातो, कमरेतून अंग डोलतं, पाय आत-बाहेर फिरत राहतो. एक हालचाल संपते न संपते तोच दुसरीत मिसळते, आणि पुढची कुठे होईल याचा अंदाज बांधता येत नाही. कंप मुख्यतः हात, पाय, हनुवटी इथे असतो. मान आणि धड डोलायला लागलं की माझा पहिला संशय डिस्कायनेशियावर.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यात कंप आहे, पुढे वाकून चालणं आहे, डिस्कायनेशिया नाही. असणार कशी? तेव्हा औषधच नव्हतं. डोपा (लेव्होडोपा हा त्याचाच एक प्रकार) तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन रुग्ण सुधारतात हे डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये दाखवलं, आणि दोनच वर्षांत त्यांच्याच रुग्णांमध्ये अशा आपोआप होणाऱ्या हालचालींची नोंद झाली. पण म्हणून गोळी वाईट असं समजू नका. सुरुवातीच्या काळात मेंदूतल्या उरलेल्या पेशी लेव्होडोपापासून बनलेलं डोपामिन साठवून ठेवतात आणि हळूहळू वापरतात. पुढे त्या पेशी कमी होतात, साठवण संपते, आणि रक्तात औषध जसं चढतं-उतरतं तसाच रुग्ण चढायला-उतरायला लागतो. कार्बिडोपासोबत (लेव्होडोपा वाटेतच वाया जाऊ नये म्हणून जोडलेलं औषध) दिलेलं लेव्होडोपाही रक्तात दीड तासात निम्म्यावर येतं. त्यामुळे जी गोळी पहिली काही वर्षं निमूट काम करत होती, तीच आता भर असताना जास्त होते आणि उतरली की कमी पडते. एकाच माणसात, एकाच सकाळी, दोन्ही.

म्हणूनच हालचाल कशी दिसते यावर वाद घालण्याआधी एक प्रश्न विचारायचा: शेवटची गोळी किती वाजता घेतली?

एक गृहस्थ. आठची गोळी घेऊन सव्वानऊला खुर्चीत बसलेले. उजवा पाय जमिनीवर टेकत नव्हता, मान डावीकडे जाऊन परत येत होती, खांदा मध्येच उसळत होता. सून म्हणाली, "बघा ना, आज परत थरथर सुरू झाली. अर्धी गोळी देऊ का?" बाबा म्हणाले, "अगं, मला काही होत नाहीये, बरं वाटतंय." मी त्यांना उठायला सांगितलं. हाताला टेकू न घेता उठले, दारापर्यंत गेले, दोन पावलांत वळून परत आले. आवाज खणखणीत. पेला स्वतः उचलून पाणी प्यायले. थोडं सांडलं, पण प्यायले. ज्याला डोपामिन कमी पडतंय तो माणूस असा उठत नाही. तेच गृहस्थ पावणेबाराला, बाराची गोळी घ्यायच्या आधी बघावेत: हात मांडीवर एका लयीत हलतोय, चेहरा कोरा, आवाज पुटपुटल्यासारखा आणि उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटलेले. हा कंप, आणि हा गोळीचा असर उतरल्याचा कंप. सव्वानऊला अर्धी गोळी दिली असती तर साडेदहाला त्यांना खुर्चीत बसणं मुश्कील झालं असतं.

साधी गोळी घेतल्यावर एक ते दोन तासांच्या आसपास, रुग्ण मोकळा हालत-बोलत असताना, अंग डोलतंय: डिस्कायनेशिया. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली आहे, अंग ताठ आणि मंद झालंय, त्यात हात हलतोय: असर उतरल्याचा कंप. दहातल्या बहुतेक वेळा एवढ्यावर उत्तर मिळतं.

उरलेल्या वेळा मात्र डोकं खातात. काहींना डिस्कायनेशिया भर असताना येत नाही. गोळी चढताना एकदा येते आणि उतरताना पुन्हा एकदा, बहुतेक पायांत, कधी जोरात. इथे घड्याळ फसवतं, कारण ती गोळीच्या वेळेजवळच दिसते. हा प्रकार वेगळा, त्याचा उपायही वेगळा, आणि तो घरी ओळखायच्या भानगडीत पडू नये. दुसरं, पहाटे उठल्यावर पायाचा अंगठा वर होणं, पाऊल आत मुरगळणं, पोटरीत कळ येणं. हे दुखतं, आणि लोक त्याला सांधेदुखी समजून मलम चोळत बसतात. ते बहुतेक वेळा रात्रभर औषध न मिळाल्यामुळे येणारं आखडणं असतं. तिसरं, काहींचा कंप लेव्होडोपाला फारशी दाद देतच नाही. बाकी सगळं छान सुटलंय, चालणं ठीक आहे आणि हात मात्र हलतोय, अशा वेळी त्या हातासाठी गोळ्या चढवत गेलं की हात तसाच राहतो आणि डिस्कायनेशिया पदरात पडते.

आणखी एक गोष्ट. डिस्कायनेशिया घरच्यांना जास्त खुपते, रुग्णाला कमी. पुष्कळांना आपलं अंग डोलतंय याची जाणीवच नसते, आणि असली तरी ताठरून बसण्यापेक्षा डोलणं परवडलं असं ते म्हणतात. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. लोकांत बरं दिसत नाही म्हणून एखाद्याची गोळी कमी करायला लावणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. डोलण्याने पडायला होत असेल, जेवता येत नसेल, वजन उतरत असेल, तर जरूर बोला. नाहीतर आधी त्या माणसाला विचारा की त्याला काय हवंय.

दुसऱ्या टोकाची चूक जास्त धोक्याची. डिस्कायनेशिया गोळीमुळे होते हे कळलं की काही जण गोळी स्वतःच बंद करतात. लेव्होडोपा अचानक थांबवलं तर कडक ताप, अंग लाकडासारखं ताठ, भान हरपणं इथपर्यंत मजल जाऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची गोष्ट आहे. अमँटाडीनही असंच झटक्यात सोडायचं नाही. डिस्कायनेशिया कमी करण्यासाठी तेच औषध दिलं जातं, हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि "एवढ्या गोळ्यांत ही एक कमी केली" म्हणून नेमकी तीच काढली जाते.

डॉक्टर काय करतात? बऱ्याचदा दिवसाचं एकूण औषध जवळपास तेच ठेवून एका वेळची मात्रा कमी आणि वेळा जास्त करतात. चार वेळाऐवजी सहा वेळा गोळी म्हटलं की घरात कुरकुर सुरू होते. करू नका, त्यात अर्थ आहे. एन्टाकापोन नुकतंच सुरू झालं असेल तर तेही कळवा, कारण ते लेव्होडोपाचा असर लांबवतं आणि त्यामुळे डिस्कायनेशिया वाढू शकते. (लघवी नारिंगी झाली तर ती त्याच गोळीची, घाबरू नका.) हळूहळू विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून देऊ नये, मग ती हळूहळू विरघळत नाही आणि सगळा डोस एकदम अंगावर येतो.

गोळी खरंच कमी पडतेय असं वाटलं तरी मात्रा वाढवण्याआधी तिची वाट कोण अडवतंय ते बघा. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरायला एकाच दारावर गर्दी करतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवणानंतर तासाभराने. लोहाची गोळी निदान दोन तास लांब. बद्धकोष्ठता हाताळा. आणि चक्कर, मळमळ, पोट फुगणं यांसाठी कोणी काय लिहून दिलंय ते तपासा: मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेव्होसल्पिराइड, फ्लुनारिझिन, सिनारिझिन. ही औषधं डोपामिनच्या कामात खोडा घालतात, आणि पार्किन्सन नसलेल्या माणसालाही पार्किन्सनसारखा कंप आणू शकतात. तीन महिन्यांपूर्वी चक्करसाठी सुरू केलेली गोळी आजही चालू आहे आणि सगळे आजाराला दोष देतायत, हे दृश्य बघून मी कंटाळलोय. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही पार्किन्सनचीच औषधं घेणाऱ्यांनी खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं औषध आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल परस्पर घेऊ नये.

लिहायला बसल्यावर बाकीचे गोंधळही आठवतात. पेला तोंडाशी नेताना हात हलतो आणि स्वस्थ असताना हलत नाही, तो बहुधा एसेन्शियल ट्रेमर. त्यावर लेव्होडोपा चालत नाही, प्रोप्रानोलॉलसारखी औषधं चालतात. मनोविकारावरची औषधं दीर्घकाळ घेऊन ओठ-जीभ हलतात, ती टार्डिव्ह डिस्कायनेशिया. नाव मिळतंजुळतं, कारण वेगळं. पुढे जाऊ.

"लेव्होडोपा लवकर सुरू केलं तर लवकर संपतं, म्हणून जमेल तितकं लांबवा" हे वाक्य मात्र मला फार खटकतं. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानात औषध बरंच उशिरा सुरू झालं होतं, तरी डिस्कायनेशिया आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर आली. औषध लांबवून डिस्कायनेशिया टळली नाही. मधली वर्षं मात्र ताठरून काढावी लागली. एका वेळच्या डोसाचा आकार महत्त्वाचा आहे, हे खरं. तो डॉक्टर लहान ठेवतात ते त्यासाठीच.

डॉक्टरांना फोन करून नुसतं "थरथर वाढली" सांगू नका. पलीकडच्याला तुमच्या घरातली खुर्ची दिसत नसते, आणि त्या एका वाक्यावर डोस वाढूही शकतो. तीन दिवस एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि दर तासाला एक शब्द लिहा: ताठ, मोकळे, डोलतायत, झोपलेत. शक्य असेल तर रुग्णाने स्वतः लिहावं. त्याचं आणि घरच्यांचं जमत नसेल तर दोन वह्या करा. सोबत मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा, एक गोळीनंतर तासाभराने, एक पुढच्या गोळीच्या पंधरा मिनिटं आधी. दोन्हींत आधी बसलेले, मग उठून चालताना आणि वळताना. सुरुवातीला किती वाजलेत ते मोठ्याने बोला. चेहराच काढू नका, पाय दिसू द्या.