फिजिओथेरपी रेसिडेन्सी व फेलोशिप (अमेरिका)

परवाना मिळवून स्वतंत्रपणे रुग्ण पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी अमेरिकेत असलेले, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचे प्रगत क्लिनिकल प्रशिक्षण. रेसिडेन्सी ही अस्थिसांधे, मज्जासंस्था, क्रीडा, बालरोग, वृद्धारोग्य अशा एखाद्या विशेष शाखेची असते. फेलोशिप तिच्याही पुढची असून ती शाखेतल्या एखाद्या नेमक्या भागापुरती, उदाहरणार्थ मॅन्युअल थेरपीपुरती (सांधे व स्नायूंवर हातांनी केल्या जाणाऱ्या उपचारांपुरती) असते. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीशी नाव जुळत असले तरी इथे सक्ती नाही. डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) ही पदवी आणि परवाना परीक्षा एवढ्यावर व्यवसाय करता येतो. पुढे शिकायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

या पद्धतीची पाळेमुळे मॅन्युअल थेरपीत आहेत. सांध्याची हालचाल बोटांनी ओळखण्याचे कसब वर्गात बसून येत नाही. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबोर्न आणि ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी शिकवताना प्रत्यक्ष रुग्णावर भर दिला. 1974 मध्ये माँट्रियल येथे या क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि देखरेखीखालचा सराव हा त्याच्या शैक्षणिक मानकांचा भाग बनला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे कायझर परमनंटे रुग्णालयात 1979 मध्ये सुरू झालेला कार्यक्रम सर्वांत जुन्यांपैकी एक होय. विशेषज्ञांना प्रमाणपत्र देणारे मंडळही त्याच सुमारास आकाराला आले. त्याची पहिली परीक्षा 1985 मध्ये हृदय-फुप्फुस शाखेत झाली.

मान्यताप्राप्त रेसिडेन्सीत रुग्णसेवेचे किमान 1,500 तास, तर फेलोशिपमध्ये 850 तास भरावे लागतात. या प्रशिक्षणाचा खरा प्राण मात्र मार्गदर्शनाचे किमान 150 तास हा आहे. त्यांतल्या मोठ्या भागात रुग्ण शिकणाऱ्याचाच असतो आणि मार्गदर्शक त्याच खोलीत हजर असतो.

खांदा दुखतो म्हणून कोणी आले, तर हात लावण्याआधीच प्रश्न सुरू होतात. दुखणे खांद्याचे की मानेतून आलेले? रात्री झोपमोड होते का? वजन घटले आहे का? कर्करोग, जंतुसंसर्ग किंवा हृदयविकार यांपैकी काही खांदेदुखीच्या आड तर नाही ना? शिकणाऱ्याने आपला अंदाज बोलून दाखवायचा, तो कोणत्या चाचणीने खोटा ठरेल तेही सांगायचे आणि मगच तपासायचे. उपचारानंतर तीच हालचाल पुन्हा करून पाहायची. फरक पडला नसेल तर अंदाज बदलायचा. मार्गदर्शक कधी हाताची पकड दुरुस्त करतो, कधी रुग्ण गेल्यावर विचारतो की तिसऱ्या मिनिटाला रुग्णाने जिन्याचा उल्लेख केला, तो का सोडून दिलास? पाच-सात वर्षे प्रॅक्टिस झालेल्या माणसालाही हे जड जाते, कारण सवयीने घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचे कारण द्यावे लागते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांतून नवे तंत्र मिळते, पण आपली चूक पाहणारे दुसरे डोळे मिळत नाहीत. म्हणूनच हे तास कार्यशाळांनी भरून निघणारे नाहीत.

कार्यक्रम बहुधा वर्षभराचा असतो. अर्धवेळ केल्यास लांबतो. त्या काळात पगार सहसा नेहमीपेक्षा कमी मिळतो, आणि शैक्षणिक कर्ज फेडणाऱ्या तरुणांना ही अडचण मोठी वाटते. अस्थिसांध्यांच्या विशेषज्ञ परीक्षेला बसण्यासाठी एरवी 2,000 तासांची रुग्णसेवा दाखवावी लागते. मान्यताप्राप्त रेसिडेन्सी पूर्ण केलेल्यांना ही अट नाही.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे शिक्षण 1950 च्या दशकात, मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर केईएम रुग्णालयात सुरू झाले. इथले पुढचे शिक्षण विद्यापीठाच्या वाटेने जाते. एमपीटीएच ही फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असून तीत प्रबंधही लिहावा लागतो. हे शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेल्यांना आधी पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि तिथली परवाना परीक्षा द्यावी लागते. एमपीटीएच झालेल्यांनाही त्यातून सूट नाही. रेसिडेन्सीचा टप्पा त्यानंतर येतो.