रूल्स ऑफ एंगेजमेंट, फायर सपोर्ट कोऑर्डिनेशन आणि ‘फ्री-फायर’चा घोळ

सीमेवर काही घडलं की चॅनेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लष्कराला मोकळा हात दिलाय, आता तोफा बोलतील!’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो: मारा करायची परवानगी (रूल्स ऑफ एंगेजमेंट) आणि माऱ्याचा मेळ घालणं (फायर सपोर्ट कोऑर्डिनेशन).

रूल्स ऑफ एंगेजमेंट बहुतेकांना ठाऊक असतात. गोळी कुणावर, कधी आणि किती मर्यादेत झाडायची, हे ते ठरवतात. 1999 मध्ये कारगिलला हवाई दल लढलं ते नियंत्रण रेषा न ओलांडण्याच्या अटीवर. अट वैमानिकांना जाचक होती, पण ती सरकारने घातलेली होती. विषय संपला.

फायर सपोर्ट कोऑर्डिनेशनचं काम रणांगणावरचं. एकाच डोंगरावर तोफा, मॉर्टर, विमानं आणि पायदळ कामाला लागलं की आपला गोळा आपल्याच माणसांवर पडू नये, गोळ्याच्या वाटेत आपलं विमान येऊ नये, हे कुणीतरी बघायला लागतं. टायगर हिलसारख्या चढाईत जवान शिखराजवळ पोचले की मारा पुढे सरकवावा लागतो. लवकर सरकवला तर शत्रू बंकरमधून डोकं वर काढतो, उशीर केला तर आपलेच जवान जातात.

यासाठी नकाशावर रेषा आणि हद्दी आखतात. मनाई करणाऱ्या हद्दींचा कुणाला त्रास नाही; नो-फायर एरिया शेंबड्या पोरालाही कळेल. गाडी अडते ती फ्री-फायर एरियावर. या हद्दीत मारा करायचा तर ती आखणाऱ्या मुख्यालयाला दर वेळी विचारावं लागत नाही. सवलत एवढीच! लक्ष्य वैध आहे का, आसपास नागरिक आहेत का, हे प्रश्न जागच्या जागी राहतात आणि त्यांची उत्तरं रूल्स ऑफ एंगेजमेंटमध्येच शोधावी लागतात. आपल्या तुकड्या तिथे नाहीत म्हणून तिथे कुणीच नाही, असं होत नाही.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने नेमका हाच फरक पुसला. गावं सोडून जा, अशी पत्रकं विमानातून टाकली जायची आणि मागे राहील तो शत्रू, असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरलं जायचं. शेती आणि पूर्वजांची थडगी सोडून सगळे थोडेच जाणार होते? बदनामी वाढल्यावर 1965 मध्ये ‘फ्री-फायर झोन’ हे नाव बदलून ‘स्पेसिफाइड स्ट्राइक झोन’ केलं. माझ्या मते ही निव्वळ पाटी बदलली. गोळीबार करणाऱ्याच्या डोक्यातला गोंधळ तसाच राहिला.

उलटंही घडतं, आणि ते चॅनेलवाल्यांच्या गावीही नसतं. शत्रू समोर दिसतोय, त्याच्यावर मारा करायला नियमांची हरकत नाही, तरी तोफ गप्प असते. कारण आपली गस्त त्याच्या पलीकडच्या नाल्यात आहे आणि ती नेमकी कुठवर आली, हे वायरलेसवर अजून कळलेलं नाही. अशा वेळी ‘सरकारने हात बांधले’ म्हणून गळा काढणाऱ्यांना मी तरी उत्तर देत बसत नाही.